शब्दक्रमावर आयुष्यभर काम करता येतं का?

भाषाविज्ञानात एम.ए. करताना तुम्हाला जगभरच्या भाषांमधल्या शब्दक्रमाची गोडी लागली. आता हा एवढासा विषय आयुष्यभर पुरेल का आणि आधी स्टॅटिस्टिक्स शिकावं का, असं तुम्ही विचारलंय. विषय नक्की पुरतो. भाषाशास्त्रज्ञ मॅथ्यू ड्रायर यांचं काम बघा.

१९६३ साली भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी ३० भाषांवरून भाषांच्या रचनेचे ४५ नियम मांडले. त्या तिसांत हिंदी आणि कन्नड होत्या, मराठी नव्हती. ज्या भाषांत क्रियापद शेवटी येतं, त्यांत शब्दयोगी अव्यय बहुधा नामाच्या मागून येतं (आपलं 'झाडाखाली'), हा त्यांतला एक नियम. तो आजही टिकून आहे. पुढे सत्तरच्या दशकात लोकांनी हाच धागा ताणला आणि अशा भाषांत विशेषणही नामाच्या आधी येणार, असं मानलं जाऊ लागलं. आपल्याला हे लगेच पटतं, कारण मराठी, हिंदी, कन्नड, तुर्की, जपानी सगळ्या तशाच आहेत.

ड्रायर यांनी १९९२ मध्ये ६२५ भाषा तपासून दाखवलं की क्रियापदाची जागा आणि विशेषणाची जागा यांचा असा संबंधच नाही. बास्क आणि तिबेटी घ्या: क्रियापद शेवटी, पण विशेषण नामानंतर. आशियाबाहेर असाच प्रकार जास्त आढळतो.

हे त्यांना दिसलं ते मोजण्याच्या पद्धतीमुळे. मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली हे चार पुरावे नव्हेत, कारण चौघी जवळच्या नात्यातल्या. म्हणून ते सुट्या भाषा न मोजता भाषांचे गट मोजतात, आणि जगाच्या सहा मोठ्या प्रदेशांत तोच कल दिसतो का ते बघतात. कन्नड तर वेगळ्या कुळातली, मग तिला स्वतंत्र पुरावा मानायचं का? सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा गम्पर्झ आणि विल्सन यांचा १९७१ चा अभ्यास जरूर वाचा. तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूची वाक्यरचना शेजारामुळे इतकी जवळ आली होती की एका भाषेतलं वाक्य जवळजवळ शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यायचं. मला हा सगळ्या विषयाचा गाभा वाटतो: दोन भाषा सारख्या का आहेत, नात्यामुळे, शेजारामुळे की माणसाच्या बोलण्याच्या स्वभावामुळे?

रोजचं काम मात्र व्याकरणं वाचण्याचं. ड्रायर यांच्या जागतिक नकाशात १३७७ भाषा आहेत: कर्ता-कर्म-क्रियापद ५६५, कर्ता-क्रियापद-कर्म ४८८, आणि १८९ भाषांत ठरलेला असा क्रमच नाही. अनेक व्याकरणांत क्रम थेट सांगितलेला नसतो, उदाहरणांतून शोधावा लागतो. मराठीवर हात बसवा. 'तो उद्या येणार आहे असं ती म्हणाली' आणि 'ती म्हणाली की तो उद्या येणार आहे' ही दोन्ही वाक्यं आपण रोज बोलतो. तक्त्यात यांतलं कोणतं भरणार? 'आला का रे तो?' हे कुठे बसवणार? घरातल्या गप्पा रेकॉर्ड करा, लिहून काढा, मोजा. स्टॅटिस्टिक्स त्यानंतर शिका. ते शिकावंच लागेल, पण आपण काय मोजतोय हे कळल्याशिवाय त्याचा उपयोग नाही.

नोकरीचं स्पष्ट सांगते. शब्दक्रमाच्या नावाने जागा निघत नाहीत. नेट द्या, पुण्याचं डेक्कन कॉलेज, हैदराबादची इफ्लू (इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ), मैसूरची भारतीय भाषा संस्था अशा ठिकाणी भाषाविज्ञानाच्या जागांवर लक्ष ठेवा. जागा थोड्याच असतात. सोबत एका भाषेचं प्रत्यक्ष काम हातात असू द्या; स्वतः ड्रायर यांनीही पापुआ न्यू गिनीत वालमान भाषेवर काम केलं आहे. आपल्याकडे मेळघाटात कोरकू भाषा आहे, बुलढाणा जिल्ह्यात निहाली आहे. निहालीचं नातं तर कोणत्याच कुळाशी अजून सिद्ध झालेलं नाही. पीएच.डी.साठी यांतली एखादी घेणार असाल, तर आधी त्या गावांत एक उन्हाळा राहून या.