हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचा रुग्णालयात जास्त खर्च कशावर होतो? तो कमी करता येतो का?

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदयाची ताकद कमी होऊन अंगात पाणी साचणं. यात जास्त पैसा पुन्हा पुन्हा भरती होण्यात जातो, आणि तो बराच टाळता येतो. मी बिलिंगच्या खिडकीवर बसते. आयसीयू, ऑक्सिजन, तपासण्या यांचीच बेरीज मोठी असते, अंगातलं पाणी काढणाऱ्या इंजेक्शनची ओळ अगदी छोटी. म्हणून घरी गोळ्या चुकवू नका, मीठ कमी ठेवा, रोज सकाळी वजन करा. तीन दिवसांत 2 किलो वाढलं किंवा पाय सुजले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. रात्री धाप लागेपर्यंत थांबू नका हो! महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात भरती होतानाच रेशनकार्ड, आधार घेऊन आरोग्यमित्रांना, म्हणजे तिथल्या योजनेच्या मदतनीसांना भेटा. मात्र पेसमेकरसारखं यंत्र बसवायचं ठरलं, तर खर्चाचा हा हिशोब बदलतो.