हप्त्याचं नंतर बघू, आधी राजीनामा थांबवा

डिचोलीहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ४६, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी, हातात पगार ६२ हजार. पत्नी ४३ वर्षांची, तिला स्तनाचा कर्करोग. शस्त्रक्रिया झाली, सहापैकी तीन किमो झाल्या, उरलेल्या मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत संपतील, एप्रिलमध्ये रेडिएशन. घरी दोन मुलं आणि आई. एफडी ९ लाख, पीएफमध्ये ११ लाख. प्रश्न युलिपबद्दल, म्हणजे विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेल्या पॉलिसीबद्दल: ‘युलिपचा दीड लाखाचा तिसरा हप्ता फेब्रुवारीत आहे. एफडी मोडून भरू की सोनं गहाण ठेवू?’

पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ आहे: ‘तिच्याजवळ माणूस हवा म्हणून २८ फेब्रुवारीला नोकरी सोडतोय, पीएफवर दोन वर्षं निघतील.’

तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींचं आहे, ते खाली देतो. आधी ही शेवटची ओळ.

तुमच्या पत्नीचे आतापर्यंतचे साडेतीन लाख कोणी भरले? कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्याने. हे तुम्हीच मधल्या परिच्छेदात लिहिलंय, ‘कंपनीची ५ लाखांची मेडिक्लेम आहे, ती १ एप्रिलला रिन्यू होते’ असं, जणू कॅन्टीनच्या कुपनांबद्दल सांगताय. नोकरी गेली की हा विमा गेला. आणि किमो चालू असलेल्या माणसाला बाहेर नवा आरोग्य विमा कुठलीही कंपनी आनंदाने देत नाही. बहुतेक वेळा दारातूनच परत पाठवतात.

आता तारखा बघा. इस्पितळाचा अंदाज ९ लाखांचा. साडेतीन झाले, साडेपाच उरले. त्यात तीन किमोंचे अडीच आणि रेडिएशनचे तीन. यंदाच्या विम्यात दीड लाख शिल्लक आहेत, म्हणजे मार्चपर्यंत खिशातून एक लाख. १ एप्रिलला विमा नवा झाला की पाच लाख पुन्हा भरून येतात. रेडिएशनचे तीन त्यातून जातील, वर दोन उरतील. खोलीभाडं, हातमोजे-सिरिंज वगैरे विमा कापतोच, म्हणून एकूण खिशातून दीड लाख धरा. २८ फेब्रुवारीला राजीनामा म्हणजे ते नवे पाच लाख महिन्याभराने चुकवणं.

त्या दोन लाखांचीही गरज लागणार आहे. ‘किमोसोबतचं एक इंजेक्शन वर्ष पूर्ण होईपर्यंत दर तीन आठवड्यांनी’ असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. हे ट्रॅस्टुझुमाब असावं, स्तनाच्या एका प्रकारच्या कर्करोगावरचं औषध. वर्षाला साधारण सतरा-अठरा डोस होतात, म्हणजे किमो संपल्यावरही बाराएक बाकी. ९ लाखांच्या अंदाजात ते धरलेले नाहीत. डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: भारतीय बायोसिमिलर, म्हणजे त्याच औषधाची इथे बनलेली जवळपास तशीच आवृत्ती चालेल का, आणि हेच औषध बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात मिळण्याची सोय आहे का. विम्यात अशा इंजेक्शनांवर उपमर्यादा, म्हणजे वेगळी कमाल रक्कम असू शकते, तीही पॉलिसीत वाचून घ्या.

राजीनाम्यानंतरचा हिशेब असा. एफडी आणि पीएफ मिळून २० लाख. उपचारांचे उरलेले चार गेले. घरखर्च ३८ हजार आणि गृहकर्जाचा हप्ता १४ हजार, दोन वर्षांचे साडेबारा. उरले साडेतीन. युलिपचे दोन हप्ते भरलेत तर पन्नास हजार, आणि त्यात इंजेक्शनं धरलेलीच नाहीत. तुम्ही ४८ वर्षांचे, बेकार, पीएफ शून्य. शिवाय पीएफची सगळी रक्कम राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवशी हातात पडत नाही. (नोकरीत असताना आजारपणासाठी पीएफमधून आगाऊ रक्कम काढता येते, ती परत भरावी लागत नाही. खरीच वेळ आली तर तो रस्ता आहे.)

माणूस जवळ हवा, हे मला मान्य आहे. पण कधी आणि किती, याचाही हिशेब करता येतो. किमोचा दिवस आणि पुढचे दोन-तीन दिवस तुम्ही घरी असा. तीन किमोंना बारा दिवस, तुमची साठलेली रजा ४० दिवस. दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी खाली येतात, तेव्हा घरात कोणीतरी जागं हवं, आणि ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर सकाळची वाट न बघता इस्पितळ गाठायचं. रेडिएशन आठवड्याचे पाच दिवस असतं, पण एकेक खेप थोड्या मिनिटांची. मुलगा नेऊ शकतो, भाड्याची गाडी नेऊ शकते. दिवसभराला बाई ठेवा, १२ हजार धरा. ६२ हजार मिळवणाऱ्याने १२ हजारांचं काम करायला घरी बसायचं, यात प्रेम असेल, हिशेब नाही. कंपनीकडे रात्रपाळीतून सुटका मागा. बिनपगारी रजा घ्यायची झाली तर त्या काळात विमा चालू राहतो का, हे एचआरकडून लेखी घ्या.

तरीही सोडायचीच असेल, तर त्याआधी विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेण्याचा अर्ज करा. हो म्हणतीलच असं नाही, म्हणून उत्तर हातात आल्याशिवाय राजीनामा नको.

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड ‘संपलंय बहुतेक’, असं लिहिता. बहुतेक? चार किंवा जास्त माणसांच्या घराला वर्षाला चार लाखांचं संरक्षण, तेही दोन-तीनशे रुपयांत! नूतनीकरण कधी होतं ते चौकशी करून करून टाका, आणि त्यांच्या पॅकेजमध्ये तुमचं काय बसतं ते इस्पितळाच्या काऊंटरवर विचारा.

आता युलिप. हप्ता भरू नका. एफडी मोडून नाही, सोनं ठेवूनही नाही. भरलेले तीन लाख बुडत नाहीत. त्यांचं त्या दिवशी जे मूल्य असेल ते, फार तर चारएक हजार कापून, बंद पॉलिसींच्या फंडात जातं, तिथे किमान ४ टक्के मिळतात आणि पाच वर्षं पुरी झाली की पैसे परत येतात. ‘तीन वर्षांत काढता येतात’ असं सांगून युलिप विकणाऱ्या तुमच्या पत्नीच्या मावसभावाला पाच वर्षांची अट ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही. त्यात ‘कॅन्सर कव्हर’ही नाही, तुमच्या आयुष्याचा १५ लाखांचा विमा आहे. आणि आता तो पत्नीसाठी नवी कॅन्सर पॉलिसी सुचवतोय, ‘आजाराचं लिहू नका’ म्हणून! तशी पॉलिसी म्हणजे फक्त त्याचं कमिशन. दाव्याच्या दिवशी जुने रिपोर्ट निघतात आणि दावा नाकारला जातो. नात्यातल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. माझं नाव सांगा.

एक राहिलं. एफडी ‘माझ्या नावावर’ आहे असं लिहिलंय. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर संसारातली मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी असते. निम्म्या पैशांची मालकीण आजारी आहे, पण बोलू शकते. आईचं मत तुम्ही तीनदा लिहिलंय. नोकरी सोडण्याबद्दल पत्नीचं मत पत्रात कुठेच सापडलं नाही.

तिच्याशी बोला, एचआरचं लेखी उत्तर आणा आणि मला पुन्हा लिहा. युलिपच्या कागदाचा फोटोही जोडा. त्यावर ४ आणि ८ टक्के परतावा धरलेले रकाने छापलेले असतील. १५ टक्क्यांचा जो पेनाने लिहिलाय म्हणता, तोही मला बघायचाय.