वाघ हिरवा रंगवला तर? आणि बाकीचे प्रश्न

प्रश्न: मुलगा पाच वर्षांचा, मुलगी नऊची. दोघांसाठी रेनफॉरेस्टच्या चित्राचे प्रिंट काढले, त्यात वाघ, टुकन (मोठ्या चोचीचा पक्षी), बेडूक, स्लॉथ (झाडाला लटकून राहणारा संथ प्राणी), फुलपाखरू, झाडं असं सगळं आहे. मुलाने पानांसोबत वाघही हिरवागार करून टाकला, त्यावर ताई ओरडली की वाघ असा नसतोच, आणि तिचं स्वतःचं चित्र बघावं तर सगळीकडे एकच हिरवा, प्राणी शोधावे लागतात. शेवटी दोघंही कंटाळून उठली. मी मधे पडून रंग सांगायला हवे होते का?

उत्तर: वाघाबद्दल तरी अजिबात नाही. गंमत म्हणजे हरणाला केशरी आणि हिरव्यातला फरक फारसा कळतच नाही, म्हणून आपल्याला एवढा भडक दिसणारा वाघ त्याला झाडोऱ्यात मिसळून गेलेला दिसतो. म्हणजे तुमच्या मुलाने हरणाला दिसणारा वाघ काढलाय आणि ताईला आपल्याला दिसणारा हवाय, दोघंही बरोबर! रंग सांगण्यापेक्षा "याला कोणापासून लपायचंय?" एवढं विचारा, पुढचं मुलं बोलतात.

ताईला खरंच चूक काढायची असेल तर त्या प्रिंटमध्येच आहे. टुकन आणि स्लॉथ अमेरिकेतले, आणि वर्षावनातला वाघ म्हणजे उदाहरणार्थ सुमात्राचा, त्यांची जंगलात गाठ पडणं शक्यच नाही. (अशा तयार चित्रांमध्ये सगळं जग एकाच झाडाखाली कोंबलेलं असतं.) तिला अ‍ॅमेझॉनचं जंगल करायचं असेल तर वाघाच्या जागी जॅग्वार काढू दे. त्याच्या अंगावर काळ्या तुटक कड्या असतात आणि बऱ्याचशा कड्यांच्या आत एक-दोन ठिपके, बिबट्याच्या कड्या मात्र सहसा आतून रिकाम्या. नऊ वर्षांच्या मुलीला असलं काही सांगितलं ना, की ती तासभर ठिपकेच देत बसते.

आता एकच हिरवा. हा प्रॉब्लेम जवळपास सगळ्यांचा होतो कारण मुलं आधी पानं उरकतात. उलट करा, आधी प्राणी, मग पानं. आणि पानांना वरून खाली रंग बदलत न्या, कारण या जंगलात वरची पानं इतकी दाट असतात की जमिनीपर्यंत साधारण २ टक्केच ऊन पोचतं. म्हणून शेंड्याला पोपटी, मधे साधा हिरवा, खाली हिरव्यावर निळी पेन्सिल हलकीशी फिरवून गडद, आणि अगदी तळाला तपकिरी. सगळ्या पानांना आधी पिवळ्याचा हलका हात दिला की वरचा हिरवा जिवंत दिसतो, पण काळ्याने गडद करू नका, चित्र मळकं होतं.

स्लॉथला मात्र हिरवा लागतोच. आधी तपकिरी-करडा करायचा आणि पाठीवर थोडा हिरवा घासायचा, कारण त्याच्या केसांत खरंच शेवाळ वाढतं. बेडूक लाल डोळ्यांचा असेल तर पाठ हिरवी, कुशी निळ्या आणि त्यावर पिवळे पट्टे, पाय केशरी. पण हा दिवसा पाय पोटाशी घेऊन डोळे मिटून झोपतो तेव्हा नुसता हिरवा दिसतो, त्यामुळे तो झोपलाय की जागाय ते मुलांना ठरवू द्या. फुलपाखरू मॉर्फो असेल तर तेच, पंख उघडे असतील तर चमकदार निळं, मिटलेले असतील तर तपकिरी आणि त्यावर डोळ्यांसारखे गोल. गंमत म्हणजे त्याच्या पंखांत निळा रंग असा नसतोच, खवल्यांच्या बारीक रचनेवरून उजेड परततो म्हणून ते निळं दिसतं.

पाच वर्षांच्याला एवढं सगळं लागणार नाही, त्याला एक मोठा प्राणी आणि जाडे खडू द्या, बास. आणि दोघांना एकाच कागदावर बसवू नका!

प्रश्न: जंगलात पाऊस दाखवायचाय पण निळ्या रेघा मारल्या की चित्र खराब दिसतं.

उत्तर: पांढऱ्या मेणाच्या खडूने जोर देऊन तिरक्या रेघा मारायच्या, तेव्हा काहीच दिसत नाही म्हणून मुलं हसतात, मग वरून पातळ वॉटरकलरचा हात फिरवायचा. मेणावर पाणी ठरत नाही, रेघा पांढऱ्याच राहतात आणि पाऊस आपोआप उमटतो. कागद मात्र जाड हवा, प्रिंटचा साधा कागद लगेच सुरकुततो.

प्रश्न: स्केचपेनने रंगवलं की मागे उमटतं, टेबलही रंगतं.

उत्तर: खाली जुनं कॅलेंडर घाला. मोठा भाग खडूने करायचा आणि स्केचपेन फक्त डोळे, चोच, ठिपके यांच्यासाठी ठेवायचा, पेनही जास्त दिवस टिकतात.