रॅम्पवर जाण्याआधी: हातांबद्दल थोडं

प्रिय मित्रा,

सोमवारपासून तू रॅम्पवर, म्हणजे विमानतळावर विमानं उभी करतात त्या जागेवर, उभा राहशील. चालू इंजिनापासून किती लांब राहायचं, हे प्रशिक्षणात शिकवलं असेलच. इंजिनाला सगळेच घाबरतात, म्हणून तिथे माणूस आपणहून जपून वागतो. बोटं जातात ती जिथे कुणाला भीती वाटत नाही तिथे: डॉलीच्या (कंटेनर आणि सामान वाहणाऱ्या, मागे जोडायच्या गाडीच्या) दांड्यापाशी, कंटेनर आणि त्याला अडवून धरणाऱ्या लॉकच्या फटीत, चालू पट्ट्याच्या टोकाशी.

डॉली जोडण्याचं काम तुला दिवसभर करावं लागेल. टग, म्हणजे डॉली ओढणारं वाहन, मागे येतोय, तू दांडा उचलून धरला आहेस आणि त्याचं कडं हूकमध्ये बसवायचं आहे. कडं जरा बाजूला जातंय असं दिसलं की हात आपोआप पुढे होतो आणि कडं धरून सरळ करायला बघतो. बोट सापडतं ते नेमकं याच क्षणी. चालकाचा पाय ब्रेकवरून किंचित सरकला तरी तेवढं पुरतं. म्हणून टग पूर्ण थांबेपर्यंत मध्ये शिरूच नकोस. दांडा कड्यापासून मागे धर. जुळत नसेल तर बाहेर ये आणि टग पुन्हा लावायला सांग. पिन वरच्या मुठीला धरून सोड. भोकं समोरासमोर आली का, हे डोळ्यांनी बघ, बोट घालून चाचपू नकोस. मागून कुणी 'आटप लवकर' म्हणून ओरडेल. ओरडू दे.

कंटेनरचंही तसंच. मोठ्या विमानांच्या पोटात जाणारा नेहमीचा एकेई कंटेनर भरून १५८८ किलोपर्यंत असू शकतो. रोलरवर तो एकदोघांच्या धक्क्यानेही सरकतो, त्यामुळे हलका वाटतो. पण एकदा सुटला की हाताने थांबत नाही. तो घसरताना दिसला की धरायला धावू नकोस, बाजूला हो. कंटेनरचा पत्रा फाटला तर दुरुस्त होतो. ढकलताना तळवा सपाट ठेव, कडेला बोटं गुंडाळू नकोस. आणि रोलरवर ठेवण्याआधी डॉलीचे लॉक वर आहेत का, ते बघून घे.

बेल्ट लोडरवर, म्हणजे विमानात सामान चढवणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर, बॅगेचा पट्टा अडकला तर आधी बेल्ट बंद कर, मग ओढ. हातमोजे खरचटण्यापासून, धारदार पत्र्यापासून वाचवतात, चिरडण्यापासून वाचवत नाहीत. ढगळ मोजा तर रोलरमध्ये स्वतःबरोबर हातही ओढून नेतो. आपल्या मापाचे मोजे मिळेपर्यंत मागत राहा, संकोच करू नकोस.

अंगठी घरी ठेव, लग्नाचीसुद्धा. लोडरवरून उतरताना ती एखाद्या कडेत अडकली आणि अंगाचा भार खाली गेला, तर बोटाची कातडी सोलून निघते. अशा बोटापुढे कधीकधी शल्यविशारदही हात टेकतात.

एक दुखापत दिसायला अगदी क्षुल्लक असते, म्हणून ती वेगळी सांगतो. बऱ्याच प्रवासी विमानांच्या हायड्रॉलिक यंत्रणेत सुमारे ३००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) दाब असतो, बोइंग ७८७ आणि एअरबस ए३८० मध्ये ५०००. लोडर आणि टगच्या नळ्यांतही भरपूर दाब असतो. नळीला सुईएवढं छिद्र पडलं तर तेलाची धार मोज्यातून थेट मांसात शिरते. वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, पण आत तेल पसरत जातं. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट गमवावं लागू शकतं. गळती कधीही हाताने शोधू नकोस. यंत्र बंद कर, कळव. आणि असं टोचलंच तर रुग्णालयात 'दाबाखालचं तेल आत गेलंय' असं स्पष्ट सांग. नाहीतर मलमपट्टी करून घरी पाठवतील.

कुणाचं बोट तुटलं तर जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरायचा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फात ठेवायची. बर्फ थेट त्या भागाला लागू द्यायचा नाही.

पहिल्या आठवड्यात तुला काही डॉली कळतील, लॉक घट्ट बसलेल्या किंवा दांडा धाडकन खाली पडणाऱ्या. जुने लोक त्यांच्याशी जुळवून घेतात. तू घेऊ नकोस. डॉलीचा नंबर लिहून घे, तिला खराब असल्याची खूण लाव आणि त्याच पाळीत पर्यवेक्षकाला कळव. बोट नुसतं चेमटलं तरी नोंद करायला लाव. ती डॉली दुरुस्तीला गेली का, हे दुसऱ्या दिवशी स्वतः विचार, आणि काय उत्तर मिळालं ते मला लिहून कळव.

तुझा,
एक जुना सहकारी