दुर्बीण नंतर, आधी पृथ्वी बघ

दुर्बीण कोणती घेऊ म्हणतोस, पण सगळ्यात जवळचा ग्रह तू अजून पाहिलेलाच नाहीस! अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी चंद्रकोर बघ. कोरीच्या कुशीत उरलेला चंद्रही अंधुक, राखाडी दिसेल. तो उजेड आपल्याकडचाच. सूर्यप्रकाश पृथ्वीवरून परावर्तित होऊन चंद्रावर पडतो आणि तिथून पुन्हा आपल्या डोळ्यांत येतो. तेव्हा चंद्रावरून पृथ्वी जवळजवळ पूर्ण गोल दिसत असते. पृथ्वी सुमारे ३० टक्के प्रकाश परतवते, चंद्र जेमतेम १२ टक्के. हा फरक मुख्यतः ढगांमुळे. फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दांजाँ यांनी १९२०च्या दशकात हाच उजेड मोजायला घेतला होता.

सूर्य बुडाला की मात्र पश्चिमेकडे पाठ कर. पूर्व क्षितिजावर निळसर-करडा पट्टा चढतो, वर गुलाबी कड. तो पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली. मी कित्येक वर्षं त्याला धुरकं समजत होतो.

आणि ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मुठीने मोज. हात ताणून धरलेली मूठ साधारण १० अंशांची. पुण्यात क्षितिजापासून दोन मुठीही पुऱ्या भरत नाहीत. दिल्लीला गेलास की पुन्हा मोज, जवळजवळ तीन भरतील. उत्तरेकडे जावं तसा तो वर चढतो, कारण पृथ्वी गोल आहे.