मागचा बलून बसतोय? बदलण्याआधी तो का गेला ते शोधा

दादा, तुमची अडचण नीट समजली. बस चेसिसवर बांधलेली जुनी मोटरहोम (राहायची सोय असलेली गाडी), मागं स्प्रिंगऐवजी वजन तोलणारे हवेचे रबरी बलून, मागची डावी बाजू सकाळी चार बोटं बसलेली, इंजिन चालू केलं की दहा मिनिटांत वर येते. मिस्त्री म्हणतोय, "एकच बलून टाकू, दोन तासांचं काम." आणि शनिवारी घरच्यांना घेऊन फोंडा घाटानं मालवणला उतरायचं ठरलंय.

शनिवारचं आधी सांगतो. या बलूनवर घाट उतरू नका. हवा एका बाजूनं गळत असताना गाडी सपाट रस्त्यावर कशीबशी सांभाळता येते. पण घाटात वळणावर वजन एका बाजूला झुकतं, ब्रेकलाही हवा लागते, आणि कंप्रेसर तिकडं गळती भरून काढण्यात गुंतलेला असतो. चांगल्या गाड्यांत सस्पेन्शनची हवा गेली तरी ब्रेकच्या टाकीतली शाबूत राहावी म्हणून वेगळा व्हॉल्व्ह असतो. पण जुन्या गाडीत तो काम करतोय की नाही हे कुणी तपासलेलं नसतं.

माझं असंच झालं होतं. डावा मागचा बलून फुटला म्हणून एका गॅरेजमध्ये तेवढाच बदलून घेतला. तिसऱ्या महिन्यात दाजीपूर सोडून घाट उतरायला लागलो आणि मागं टायर फुटल्यासारखा आवाज आला. तोच बलून, नवा कोरा, पुन्हा फाटला. गाडी एक्सलवरच्या रबरी ठोकळ्यावर बसली. हवेचा काटा बघत, माणसाच्या चालीनं खाली फोंड्याला पोचलो. मागं आई बसली होती. तो अर्धा तास मी विसरलेलो नाही.

नंतर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका जुन्या फिटरनं टेप लावून दाखवलं. गाडीची मागची बाजू ठरलेल्या उंचीपेक्षा दोन इंच वर होती. पहिल्या वेळी बसवताना लेव्हलिंग व्हॉल्व्हची, म्हणजे बलूनमध्ये हवा सोडून-काढून गाडीची उंची राखणाऱ्या व्हॉल्व्हची, दांडी चुकीची जोडली होती. उंच उभ्या गाडीत बलून आधीच ताणलेला असतो. त्यात प्रत्येक खड्ड्यात चाक खाली गेलं की तो आणखी ओढला जातो. बऱ्याच गाड्यांत चाक किती खाली जाणार याला आवर घालायचं काम शॉकॉबसरच (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) करतो, आणि माझ्या डाव्या शॉकॉबसरचा खालचा बुश संपला होता. म्हणजे बलूनचा दोष काडीचा नव्हता. नवा बलून त्याच फासावर चढवला होता.

म्हणून तुमच्या मिस्त्रीला पाना उचलायच्या आधी हे करायला सांगा. गाडी सपाट कोब्यावर उभी करा, हवेच्या टाक्या पूर्ण भरू द्या, आणि मागं दोन्ही बाजूंना एक्सलपासून चेसिसपर्यंतची उंची मोजा. कंपनीच्या पुस्तकात आकडा असतो, त्याच्याशी ताडून बघा. बऱ्याच जणांचा समज असा की हवा जास्त भरली की गाडी उंच राहते. तसं नाही. वजन जेवढं, तेवढाच दाब बलूनमध्ये राहतो. उंची ठरवतो तो व्हॉल्व्ह आणि त्याची दांडी. बहुतेक बसमध्ये असे व्हॉल्व्ह तीनच असतात, पुढं एक आणि मागं दोन. चारही कोपऱ्यांना वेगळे दिले तर ते एकमेकांशी भांडत बसतात.

मग शाम्पूचं पाणी. नायलॉन पाइपचे कनेक्टर, व्हॉल्व्हचं तोंड, बलूनच्या वरच्या प्लेटची कड आणि खालच्या पिस्टनवर (ज्यावर रबर वळतं तो डबा) दुमडलेली घडी, सगळीकडं ओता. निम्म्या वेळा बुडबुडे कनेक्टरवरच येतात आणि बलून बदलायची गरजच पडत नाही. रबरावर नुसत्या बारीक रेषा असतील तर घाबरू नका, ते उन्हाचं काम. पण भेगेतून आतला धागा दिसला तर बलून संपला. त्याला पंक्चर काढणं किंवा ठिगळ लावणं हा प्रकार कुणी सुचवला तर तिथून गाडी काढून घ्या.

आपल्याकडं बलून लवकर जाण्याचं आणखी एक कारण सांगतो, कारण ते फार कमी जण बघतात. कोकणातून वर येताना जांभ्याचा लाल चिखल आणि किनाऱ्यावरची वाळू पिस्टन आणि रबराच्या मध्ये जाऊन बसते. गाडी हलली की ती कानशीसारखी घासते. घरी आल्यावर नुसत्या पाण्यानं, फार तर साबणाच्या पाण्यानं ती जागा धुवा. गॅरेजमध्ये चेसिस डिझेलनं धुवायची सवय असते. बलूनजवळ डिझेल, रॉकेल, ग्रीस काहीही जाऊ देऊ नका, रबर फुगतं आणि मऊ पडतं. पावसाळ्यात हवेच्या टाकीत साचलेलं पाणी रोज काढा. तेच पाणी व्हॉल्व्ह गंजवतं.

आता बदलायचाच ठरला तर जोडीनं बदला. उजवा बलूनही तेवढेच किलोमीटर पळालाय, तीच वाळू त्यानंही खाल्लीय. नंबर जुन्या बलूनवरचाच घ्या, "साधारण बसतो" असला चालवून घेऊ नका. नव्यावर तयार झाल्याची तारीख बघा. दुकानाच्या माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेलं रबर नवं नसतं.

आणि हे कळकळीनं सांगतो, कारण इथं माणसं जीवानिशी जातात. पंचवीस सेंटिमीटर व्यासाच्या बलूनमध्ये पाच किलो हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पाच किलो दाब, असेल तर तो एकटा जवळपास २,४५० किलो उचलून धरतो. ती हवा सुटली की तेवढं वजन एका क्षणात खाली येतं. चेसिसच्या दोन्ही बाजूंना मजबूत घोड्या (वजन पेलणारे लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय कुणीही खाली जायचं नाही. नुसता जॅक चालणार नाही. शाम्पूचं पाणी ओतायलासुद्धा आधी घोड्या. पुढच्या चाकांना ठोकळे द्या, वजन घोड्यांवर घ्या, मग व्हॉल्व्हची दांडी सोडून त्याचा हात खाली दाबा आणि बलून हाताला लिबलिबीत लागेपर्यंत हवा काढा. त्यानंतरच पाइप सोडा.

नट गंजलेले असणार, आदल्या रात्रीच तेल मारून ठेवा. जुना बलून निघाला की खालची बैठक तारेच्या ब्रशनं घासून रंगवा. गंजाची खपली नव्या रबराखाली राहिली तर ती कापत जाते. नवे नट हवेच्या गननं आवळू देऊ नका, प्लेटमधले स्टड उपटतात. टॉर्क पाना आणि कंपनीचा आकडा. गाडी घोड्यांवरून उतरवायच्या आधी बलूनमध्ये थोडी हवा सोडा, साधारण एक किलो, म्हणजे रबर पिस्टनवर नीट गोल वळतं. ते चिमटीत सापडलेलं असताना वजन आलं तर नवा बलून पहिल्याच दिवशी कायमचा दुखावतो. फुगल्यावर चारी बाजूंनी निदान एक इंच मोकळी जागा हवी. पाइप, ब्रॅकेट, वायर काहीच टेकता कामा नये.

शॉकॉबसरचे बुश त्याच वेळी बघा. दांडी जोडूनच घोड्या काढा, मग उंची पुन्हा मोजा. पन्नासएक किलोमीटर फिरवून नट परत तपासा.

तुमच्या गाडीत पाण्याची टाकी, बॅटऱ्या आणि जनरेटर कुठल्या बाजूला आहेत ते लिहिलं नाहीत. सगळं डावीकडं असेल तर डावाच बलून का बसतोय याचं अर्धं उत्तर तिथं असू शकतं. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. कुठल्याही वजनकाट्यावर आधी सगळी गाडी, मग फक्त डावी चाकं चढवून बघा, कळेल. मोजलेली उंची आणि दोन्ही बाजूंचं वजन कळवा, मग कुठला बलून घ्यायचा ते बघू. तोवर मालवणला घरच्यांसाठी दुसरी गाडी करा.