रोडलागच्या वावराचे अकरा लाख

दारव्हा तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. नाव-गाव त्यांच्या सांगण्यावरून देत नाही. ते लिहितात:

"वय ४४. साडेसात एकर होतं, त्यातलं रोडलागचं दीड एकर यंदा विकलं. हाती अकरा लाख आले. उरलेल्या सहा एकरांत कपाशी-तूर आणि थोडं सोयाबीन. विहिरीवर दोन एकर ओलित होते. घरची अंगणवाडी सेविका आहे. मुलगी अकरावी सायन्सला, मुलगा सातवीत. सोसायटीचं पीककर्ज दीड लाख, आणि घरचीच्या नावानं फायनान्सवाल्यांचं ऐंशी हजार. पुतण्या पुण्याला कंपनीत आहे. त्यानं दहा मोठ्या कंपन्यांची नावं लिहून दिली. म्हणतो, काका, एक-एक लाख टाका अन् विसरून जा, या कंपन्या काही बुडत नाहीत. घरची म्हणते, वावर विकलं तर वावरच घ्या. शेजारचं दोन एकर कोरडवाहू साडेपाच लाख रुपये एकरानं मिळून राहिलं. टीव्हीवर खालून पट्टी पळते त्यापलीकडे मला शेअरमधलं काही समजत नाही. काय करू?"

भाऊ,

पुतण्याची यादी पाहिली. रिलायन्स, एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक, स्टेट बँक, टीसीएस, इन्फोसिस, हिंदुस्थान युनिलिव्हर, आयटीसी, एल अँड टी, एअरटेल. पोरानं फसवणारं काही सांगितलेलं नाही. माझी अडचण त्याच्या "विसरून जा" या दोन शब्दांशी आहे. ज्याचा पगार एक तारखेला जमा होतो तो विसरू शकतो. तुमच्याकडे दरवर्षी जून येतो.

आधी कंपन्यांची ओळख करून घेऊ. शेअर म्हणजे हिस्सा. सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतात, इथे लाखो लोकांची असतात एवढंच. सोय मोठी आहे. आज विकला की बाजाराच्या पुढच्या दिवशी व्यवहार पूर्ण होतो, तलाठ्याकडे खेटे नाहीत. पण हीच सोय माणसाला घाईही करायला लावते.

यादीतल्या बहुतेक कंपन्या तुमच्या घरात आधीच येऊन बसल्या आहेत. व्हील आणि लाइफबॉय हिंदुस्थान युनिलिव्हरचे. जिओचं सिम रिलायन्सचं. शिवाय जामनगरची तेल रिफायनरी आणि शहरांतली किराणा-कापडाची दुकानंही तिचीच. आयटीसीला सर्वात जास्त नफा सिगारेटमधून होतो, पण २००० साली मध्य प्रदेशात सोयाबीन खरेदीसाठी ई-चौपाल सुरू केली तीही हीच कंपनी. एल अँड टी पूल, धरणं, कारखाने बांधते. कोरपना तालुक्यातला आवारपूरचा सिमेंट कारखाना एकेकाळी तिचा होता. २००४ मध्ये सिमेंटचा धंदा वेगळा निघाला आणि त्याची अल्ट्राटेक झाली. टीसीएस आणि इन्फोसिस आपल्याला दिसत नाहीत, कारण त्यांची बरीचशी गिऱ्हाइकं अमेरिका-युरोपात आहेत. तिकडे हात आखडला की इकडे शेअर पडतो, मग यवतमाळात पाऊस कसाही पडो.

आता ही यादी शेतकऱ्याच्या नजरेनं पाहा. दहात तीन बँका, दोन सॉफ्टवेअर. दहा एकरांपैकी तीन एकरांत एक पीक आणि दोन एकरांत दुसरं. बोंडअळी आली तर ती पऱ्हाटीचं एक झाड सोडून दुसऱ्यावर जात नाही, सगळ्यांवर येते. म्हणून नावं दहा असली तरी जोखीम दहा ठिकाणी वाटली गेली असं समजू नका.

माल चांगला म्हणजे शेअर चांगला, ही समजूत तर मी रोज ऐकतो. तुमच्या गावात दर दुसऱ्या अंगणात स्प्लेंडर उभी असेल. ती बनवणारी हिरो मोटोकॉर्प देशातल्या निवडक पन्नास कंपन्यांच्या निफ्टी निर्देशांकातून सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेर पडली. कंपनी बुडाली नाही, गाडीही वाईट झाली नाही. बाजाराच्या मोजमापात दुसऱ्या कंपन्या तिच्या पुढे गेल्या. हिंदुस्थान युनिलिव्हरचा शेअर एप्रिल २०२० मध्ये साधारण २,४०० रुपयांना होता, आणि पाच वर्षांनी जवळपास तिथेच होता. तेवढ्या काळात निफ्टी नऊ हजारांच्या आसपासून बावीस-चोवीस हजारांवर गेला. (मी कोरोनातल्या तळाजवळून मोजतोय, हेही सांगायला हवं.) साबण तर घराघरांत खपतच होता. पण चांगलं वावरही भलत्या भावानं घेतलं तर परवडत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं.

दुसरी गैरसमजूत स्वस्त-महागाची. व्होडाफोन आयडियाचा शेअर दहा रुपयांच्या आत मिळत होता तेव्हा किती जणांनी मला फोन केले, "लाखभराचे घेऊन टाकू का?" एमआरएफचा एक शेअर लाखाच्या वर जातो, तरी ती निफ्टीच्या पन्नासांत नाही. एका शेअरच्या भावावरून कंपनीचा आकार कळत नाही. एकूण शेअर गुणिले भाव, तो खरा आकार. व्होडाफोन आयडियाचे शेअर दहा हजार कोटींच्या वर आहेत. गठ्ठा मोठा म्हणून एक नोट लहान.

"या कंपन्या बुडत नाहीत" याबद्दल. बल्लारपूरचं नाव ज्या कागदाच्या कंपनीनं देशभर नेलं ती बल्लारपूर इंडस्ट्रीज २०२० मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्याआधीच तिचा शेअर मातीमोल झाला होता. सत्यम ही सॉफ्टवेअर कंपनी सेन्सेक्समध्ये, म्हणजे मुंबई शेअर बाजाराच्या तीस कंपन्यांच्या निर्देशांकात, होती. जानेवारी २००९ मध्ये तिच्या अध्यक्षांनी हिशेब खोटे असल्याची कबुली दिली आणि शेअर एका दिवसात पाव किमतीच्याही खाली आला. येस बँक निफ्टी आणि सेन्सेक्स दोन्ही निर्देशांकांत होती. २०१८ मध्ये शेअर चारशेच्या घरात, मार्च २०२० मध्ये ठेवीदारांना पन्नास हजारांच्या वर पैसे काढायला बंदी. यादीतल्या दहांपैकी एखादी असं करीलच असं मी म्हणत नाही. पण कोणती करणार नाही हे पुतण्यालाही माहीत नाही, मलाही नाही.

माझा खरा मुद्दा मात्र बुडण्याचा नाही, वाट पाहण्याचा आहे. तुमच्याच जिल्ह्यात वणीला वेकोलिच्या खाणी आहेत. वेकोलि म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स, कोल इंडियाची उपकंपनी. कोल इंडियाचा शेअर सरकारनं २०१० मध्ये २४५ रुपयांना विकायला काढला. दहा वर्षांनी, २०२० च्या ऑक्टोबरात, त्याचा भाव सव्वाशेच्याही खाली होता. २०२४ मध्ये त्यानं पाचशे ओलांडले. मधल्या काळात लाभांश चांगला मिळाला, ते वेगळं. आता कल्पना करा, दोन शेतकऱ्यांनी २०१० मध्ये तो घेतला. एकाच्या विहिरीची मोटर जळाली, पोरीची फी आली, दुबार पेरणी झाली, आणि त्यानं २०२० मध्ये विकला. दुसऱ्याला गरज पडली नाही, त्यानं २०२४ पर्यंत ठेवला. कंपनी तीच, शेअर तोच. एकाचे पैसे अर्धे झाले, दुसऱ्याचे दुप्पट. दोघांपैकी कोणाची अक्कल जास्त होती हा प्रश्नच येत नाही. एकाला जून आडवा आला.

आणि पडतो तेव्हा एखादा शेअर नाही, सगळा बाजार पडतो. जानेवारी २००८ मध्ये एकवीस हजारांवर असलेला सेन्सेक्स त्याच ऑक्टोबरात आठ हजारांच्या खाली जाऊन आला. २०२० मध्ये जानेवारीत बेचाळीस हजार, २३ मार्चला सव्वीस हजारांच्या आत. दोन्ही वेळा वर आला, पण आपल्या सोयीनं नाही. शेअरला हमीभाव नाही. तुम्ही म्हणाल, सोयाबीनला तरी कुठे आहे? २०२५ च्या हंगामात ५,३२८ जाहीर असताना मार्केट यार्डात काय भाव पुकारला जात होता ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. म्हणूनच म्हणतो, भावाची लॉटरी तुम्ही वावरात दरवर्षी खेळता. सगळेच पैसे दुसऱ्या लॉटरीत कशाला?

वहिनींचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. वावराला मान आहे आणि ते कोणी रातोरात पळवत नाही. पण हिशेब करू. दोन एकर कोरडवाहूला अकरा लाख. ठोक्यानं दिलं आणि एकरी दहा हजार आले, तर वर्षाला वीस हजार, म्हणजे दोन टक्क्यांच्याही आत. स्वतः पेरलं तर बियाणं, खत आणि मजुरी दोन एकरांची वाढली, तीही पावसाच्या भरवशावर. भाव वाढेल, कबूल. पण वावराचा भाव रोज मोबाइलवर दिसत नाही, म्हणून तो कधी पडत नाही असं वाटतं. आणि मुलीचा प्रवेश आला तर अर्धा एकर विकायला तेव्हा गिऱ्हाईक कोण आणणार? सगळे पैसे मातीत गेले तर तुम्ही पुन्हा फायनान्सवाल्यांच्या दारात. वहिनींना सांगा, नाही म्हणत नाही, आत्ता नको म्हणतोय.

तर अकरा लाखांचं असं करा.

पहिल्याच आठवड्यात ऐंशी हजार फेडा. व्याजदर तुम्ही लिहिला नाही, पण अशा कर्जाचं व्याज बहुधा वीस टक्क्यांच्या वर असतं. खात्रीनं वीस टक्के देणारी एकही कंपनी पुतण्याच्या यादीत नाही. सोसायटीच्या कर्जाला मात्र या पैशांतून हात लावू नका. ते कापसाच्या पैशातून मुदतीत भरा. मुदतीत भरलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी पडतं. कर्जमाफीच्या आशेवर थकवणारे गावात असतील. त्यांची सवलत जाते, आणि माफी येईल तेव्हा येईल.

दोन लाख दोन हंगामांसाठी, बँकेत मुदत ठेवीत. एकच मोठी पावती करू नका, पन्नास हजारांच्या चार करा. गरज पडली तर एकच मोडता येते. हारी-बिमारीसाठी एक लाख तसेच वेगळे. मुलीचं बारावीनंतर जे होईल त्याला साडेतीन लाख, पोस्टाच्या दोन वर्षांच्या ठेवीत. व्याज सात टक्क्यांच्या आसपास, डोळ्यांत भरणारं नाही. पण मार्च २०२० सारखी वेळ आली तरी तिची फी अडणार नाही.

सात लाख तीस हजार झाले. उरलेल्या तीन लाख सत्तर हजारांपैकी साडेतीन लाखांना पुढची सात-आठ वर्षं कोणताही जून मागणार नाही. ते शेअरमध्ये जाऊ द्या. पण दहा नावांत नाही, निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात. हा फंड पन्नासही कंपन्या त्यांच्या वजनाप्रमाणे, म्हणजे बाजारातल्या आकाराप्रमाणे, घेतो. पुतण्याच्या दहाही त्यात आहेत, आणि मोठ्या प्रमाणात आहेत. बँका आणि वित्त कंपन्यांचं वजन त्यातही एक तृतीयांशाच्या वर आहे, तो दोष राहतोच. पण वर्षातून दोनदा फेरतपासणी होते. येस बँकेसारखी कंपनी घसरली की ती निघते, दुसरी येते. तुम्हाला टीव्हीची पट्टी पाहावी लागत नाही. डायरेक्ट पर्याय घेतला तर खर्च शंभर रुपयांमागे वर्षाला साधारण वीस पैसे. मध्ये कोणी दलाल नको.

एकदम टाकू नका. दर तीन महिन्यांनी पन्नास हजार, सात वेळा. त्यानंतर "दरमहा एसआयपी", म्हणजे दर महिन्याला फंडात ठरावीक रक्कम, सुरू करा असं कोणी सांगेल. ती सोय पगारदारांची आहे. ऑगस्टमध्ये तुमच्या खात्यात काय असतं ते मला ठाऊक आहे. तुमची एसआयपी वर्षातून एकदा, कापूस विकल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत. उलंगवाडी होण्याआधी, म्हणजे कापसाचा हंगाम संपण्याआधी, जमेल ते टाका. ज्या वर्षी नाही जमलं, त्या वर्षी नाही.

उरलेल्या वीस हजारांचं काय करायचं ते वहिनींना विचारा.

कराचं थोडक्यात. गावातली शेतजमीन नगरपालिकेच्या हद्दीपासून ठरावीक अंतराबाहेर असेल तर तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नसतो. दारव्ह्यापासूनचं अंतर तेवढं तपासून घ्या. फंड वर्षभरानंतर विकला तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा माफ, वरच्यावर साडेबारा टक्के.

एक घरचं सांगतो. माझ्या काकांच्या ट्रंकेत नव्वदच्या दशकातल्या एका कंपनीचे शेअर सर्टिफिकेट निघाले, सुंदर हिरव्या कागदावर छापलेले. कोणी दिले, कोणाच्या सांगण्यावरून घेतले, काही कळेना. कंपनीचा पत्ताच नव्हता. काकूंना तर ते आहेत हेही माहीत नव्हतं. त्यामुळे फंडाचं खातं तुमच्याच नावानं, तुमच्याच मोबाइल नंबरवर, नॉमिनी वहिनी. पुतण्याला अॅप उघडून द्यायला सांगा, पण ओटीपी त्याला फोनवर सांगू नका. पोरगा चांगला असेल, सवय चांगली नाही.

गावात एखादा पोरगा ऑप्शनमध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यात, रोजचे दोन हजार कमावतो असंही कानावर येईल. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांचा हिशेब काढला तेव्हा फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या शंभरातल्या त्र्याण्णव जणांनी पैसे घालवले होते. तो पोरगा जिंकलेल्या दिवशीच चहाच्या टपरीवर बोलतो.

आणि शेअर म्हणजे काय ते हातात घेऊन पाहावंसं वाटत असेल, तर वीस हजारांतून एकाच कंपनीचा एकच शेअर घ्या, वहिनींनी परवानगी दिली तर. कोल इंडियाचाही चालेल. वणीला गेलात की कोळशाच्या ट्रकांकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहाल.